काट्याचा कौल

"पडला का?"

"नाही."

"आता?"

"पडला! पार तळाला गेला!"

"बरं. आणि आता?"

"आता परत वर चढला की रे!"

आमची पहिली बोलणी झाली ती अशी. मी अण्णांच्या मॉरिसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली, डोळे पेट्रोलच्या काट्याला लावून, आणि मागे डिकीत डोकं खुपसून वासू पांचाळ. मधे उघडलेल्या डिकीचं झाकण. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं, मला त्याचं. नुसते आवाज इकडून तिकडे.

अण्णा म्हणजे माझे वडील, चिपळुणातले डॉक्टर. त्यांना गाडीचं भारी कौतुक. आईला कधी "थकलीस का गो" म्हणाले नसतील, पण गाडी घाट चढून आली की बॉनेटवरून हात फिरवायचे. तर त्या मॉरिसचा काटा एक दिवस जो वर जाऊन बसला तो खाली यायलाच तयार नाही. टाकी सदा फुल्ल! अण्णा पहिले काही दिवस थट्टा करत होते, आपली गाडी म्हणजे द्रौपदीची थाळी आहे म्हणून. मग एकदा गुहागरच्या रस्त्याला थाळी रिकामी झाली आणि अण्णा व्हिजिटची बॅग हातात घेऊन भर उन्हात चालत आले. त्या दिवशी वासूला बोलावणं गेलं.

वासू मुंबईला गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकून आला होता आणि कराड रस्त्याला त्यानं पत्र्याची शेड टाकली होती. सायकलवरून आला. सावळा, उंच, बोलायला कमी. अण्णांना म्हणाला, "डॉक्टर, हे काम एकट्याचं नव्हे. मी मागे तार हलवणार, तर पुढे काटा बघायला माणूस पाहिजे."

अण्णांचा दवाखाना भरलेला, आई स्वयंपाकघरात. राहिले कोण? बी.ए. करून घरी बसलेली, स्थळं बघणं चालू असलेली मी.

"कुमुद, जरा बस गो गाडीत," अण्णा म्हणाले, आणि बसले मी.

काम झाल्यावर त्यानं मला डिकीपाशी बोलावून सगळं दाखवलं. मी काही विचारलं नव्हतं हं. आपणहून दाखवलं. "हे बघा ताई, टाकीत एक पोकळ डबी असते, ती पेट्रोलवर तरंगते. पेट्रोल उतरलं की डबी उतरते, आणि ही तार काट्याला खाली घेऊन येते. तार सुटली, की काट्याला खाली ओढणारं कुणी राहत नाही. मग तो आपला वरच."

"म्हणजे टाकी रिकामी असली तरी फुल्लच दाखवणार?"

"फुल्लच."

"लबाड आहे मग मेला."

तो हसला. खाली मान घालून, नट आवळता आवळता हसला. झालं! तेवढ्यानं माझं काम झालं. आता माझे गुडघे कुरकुरतात, डोक्यावर काळा केस औषधाला नाही, पण ते हसू मला अजून जसंच्या तसं दिसतं. कुणाला काय दिसेल ते सांगता येत नाही, दुसरं काय.

पुढच्या महिन्यात तार पुन्हा सुटली. आता कशी सुटली म्हणून काय विचारता? मी सोडवली. दुपारी अण्णा वामकुक्षीला गेले की डिकी उघडायची, चटईखालचं झाकण सरकवायचं, छोटासा नट दोन बोटांनी फिरवायचा. मिनिटभराचं काम. संध्याकाळी अण्णा किल्ली फिरवायचे आणि ओरडायचे, "अगो, टाकी परत फुल्ल!" की दुसऱ्या दिवशी सायकलची घंटा.

मग मी पुढे, तो मागे. "पडला का?" "नाही पडला." त्याच्या मधेमधे बाकीची बोलणी. मुंबईत कुठे राहायचास? परत का आलास? आई एकटी होती म्हणून आला होता. मी एकदा म्हटलं, "मला ताई म्हणत जाऊ नकोस." मग आवाज आला, "मग काय म्हणू?" मी म्हटलं, "काहीच म्हणू नकोस, नुसतं बोल." त्यानंतर अण्णा जवळ असले की मी ताई, आणि डिकीचं झाकण वर गेलं की मी कुणीच नाही. त्या कुणीच नसण्याची मला इतकी गोडी लागली की मधले दिवस मी नुसती ढकलत होते.

पण बोललो काही नाही हो आम्ही. तसलं काही नाही. मी डॉक्टर साठ्यांची मुलगी, तो पांचाळांचा. त्या काळचं चिपळूण. आमच्या घरात तो अंगणापर्यंत, फार तर पडवीपर्यंत. चहासुद्धा त्याला वेगळ्या कपात मिळायचा. तो कप मी धुवायची, आणि घासताना मला आईचा राग यायचा, पण तोंडातून ब्र निघत नव्हता.

आणि मग कराडचं स्थळ आलं. आगाशे. मुलगा कोयनेच्या धरणावर इंजिनिअर, आईवडील कराडला, घरदार चांगलं. पत्रिका जमली. त्यांच्या घरात कुणाला तरी प्रवास झेपत नव्हता म्हणून मुलगी घेऊन आपणच यावं असं ठरलं. आई तर ग्रामदेवीला कौल लावून आली. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवं फूल पडलं. उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार. आईनं येतानाच बाजारातून नारळ आणला.

मी त्याच दुपारी जाऊन तार सोडवली.

संध्याकाळी वासू आला. उद्या सकाळी निघायचं, घाटात फजिती नको म्हणून अण्णांनीच घाईनं बोलावलं होतं. डिकी उघडली न उघडली तोच अण्णांना निरोप आला, पेठेत कुणाला तरी फीट आली आहे. अण्णा बॅग घेऊन चालतच गेले. अंगणात मी आणि तो.

"बसा," तो म्हणाला.

मी बसले. किल्ली फिरवली. काटा वर.

"वासू, उद्या कराडला जायचंय आम्हाला."

"माहीत आहे."

"कशाला जायचंय तेही माहीत आहे?"

"काटा बघा. पडला का?"

"पडला. मी काय विचारते?"

"माहीत आहे," तो म्हणाला. मग पान्याचा आवाज.

मी म्हटलं, "ही तार अशी दर वेळी कशी रे सुटते?"

"सुटत नाही. कुणीतरी सोडवतं."

स्टिअरिंग धरून बसले होते म्हणून बरं.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच खेपेला. नटाला हळद लागली होती. डॉक्टर काही हळद लावून डिकी उघडायचे नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

मला वाटलं, गेला की काय सायकल घेऊन. आरशात बघितलं तर नुसतं झाकण. मग त्याचा आवाज आला, इतका हळू की मी श्वास धरून ऐकला.

"बोललो असतो तर सुटायची थांबली असती."

एवढंच. त्यानंतर मला आयुष्यात कुणी काय काय म्हटलं, चांगलं म्हटलं, प्रेमानंही म्हटलं. पण त्या एका वाक्याची सर कशाला नाही.

मी मागे वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि रडताना मी फार वाईट दिसते. समोर काट्याकडे बघतच म्हटलं, "आता काटा कुठे आहे सांगू? तळाच्या रेषेला टेकलाय. एवढ्या पेट्रोलवर गाडी घाटाच्या पलीकडे जायची नाही. हो की नाही?"

"अर्ध्या घाटात बंद पडेल. डॉक्टरांना सांगा, सकाळी भरून घ्या म्हणावं."

"मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस."

"म्हणजे?"

"तार लावू नकोस. काटा वरच राहू दे. गाडी घाटात थांबली की थांबली. तिथे अण्णा आहेत, आई आहे, मी आहे. पळून कुणी कुठे जाणार? तिथे मी त्यांना सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन."

"डॉक्टर काय म्हणतील?"

"ते माझं मी बघेन. तुला हवंय की नको, तेवढं तू सांग."

मागे परत पाना वाजायला लागला. मग मीच म्हटलं, "बरं, तोंडानं नको सांगूस. आईनं देवीला कौल लावला, मी काट्याला लावते. सकाळी किल्ली फिरवली आणि काटा वर दिसला, तर तू हो म्हणालास. खाली दिसला, तर मी मुकाट्यानं कराडला जाईन, पोहे देईन, खाली मान घालून नाव सांगेन. परत तुला विचारणार नाही."

"असं काट्यावर नसतं हो ठेवायचं," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. पहिल्यांदाच.

तेवढ्यात आईची हाक आली, "कुमुद, अगो तिन्हीसांजा झाल्या, दिवा लाव!" मी उतरले आणि घरात गेले. त्याच्या अंगावरून गेले, पण त्याच्याकडे बघितलं नाही. कौल लावल्यावर गुरवाचं तोंड बघू नये म्हणतात. खरं म्हणतात की नाही, देव जाणे, पण मी बघितलं नाही.

सकाळी आई मला न्हाऊ घालत होती, शिकेकाईनं डोळे चुरचुरत होते. अंगणात काहीतरी खुडबूड चाललेली, अण्णांचा आवाज, डिकी आपटल्याचा आवाज. सामान ठेवत असतील, असं मला वाटलं. मग ते जांभळं लुगडं... नव्हे, साडी, नऊवारी नव्हतीच ती, आईच्या लग्नातला शालू कापून केलेली पाचवारी. ती नेसून मी बाहेर आले. अण्णा गाडीच्या आरशात बघून टोपी नीट करत होते.

"कुमुद, जरा किल्ली फिरवून बघ गो," ते म्हणाले. "काट्याचं काय म्हणणं आहे ते कळू दे."

मी दारातून हात आत घातला. किल्ली फिरवली. काटा जागचा हलला, चढत गेला, चढत गेला, आणि वरच्या टोकाला जाऊन टेकला.

"फुल्ल!" मी म्हटलं. ओरडलेच म्हणा ना.

"फुल्ल ना? वा!" अण्णा म्हणाले. "चला, आता निवांत!"

बिचारे अण्णा, मी मनात म्हटलं. तुमची द्रौपदीची थाळी! मला हसू आवरेना. आईनं डोळे वटारले तरी आवरेना. मागच्या सीटवर जाऊन बसले, अण्णांच्या बरोब्बर मागे. पुढे अण्णांचा रुंद खांदा आणि टोपी, तेव्हा काटा काही तिथून दिसत नव्हता. पण मला आता तो बघायचा कशाला होता? कौल मिळाला होता. तो हो म्हणाला होता.

चिपळूण मागे पडलं. आईनं डब्यातला खाऊ पुढे केला, मी दोनदा घेतला. कुंभार्ली घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत चढायला लागली, आणि मी मनात वाक्यं जुळवायला लागले. अण्णा, रागावू नका. अण्णा, आधी ऐकून घ्या. आई रडेल, रडू दे. एका वळणावर करवंदांच्या जाळ्या होत्या. इथे थांबली तर बरं, म्हटलं, सावली आहे. नाही थांबली. पुढच्या वळणावर थांबेल. नाही थांबली. घाटमाथा आला, वारं गार झालं, अण्णा गुणगुणायला लागले.

"शहाणी गो बाई माझी," ते गाडीला म्हणाले.

असेल थोडं जास्त पेट्रोल, मी म्हटलं. उतारावर कुठे फार लागतं? पाटण गेलं. उसाचे मळे सुरू झाले. मला काळजी वाटायला हवी होती, नाही का? पण खरं सांगते, नाही वाटली. कराडला जाईल आणि येताना थांबेल. येताना तर थांबेलच! थांबणं आज ना उद्या होणारच होतं, आणि मुख्य म्हणजे तो हो म्हणाला होता. बाकीचं सगळं मला किरकोळ वाटत होतं. गाडी थांबल्याशिवाय मला तोंड उघडता येणार नाही, एवढं मात्र आत कुठेतरी कळत होतं. धावत्या गाडीत, अण्णांच्या पाठीला बघून, असलं काही सांगण्याएवढं धाडस माझ्यात नव्हतं.

आगाश्यांच्या घरी पोहोचलो. पोहे झाले, चहा झाला. मी इतकी खुशीत होते की लाजायचं विसरून गेले. मुलाच्या आईनं विचारलं, "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, "छे हो! घाट इतका सुंदर होता!" त्यांनी गाणं येतं का विचारलं, मी म्हटलं येत नाही, आणि हसले. मुलगाही हसला. साधा, भला माणूस दिसत होता. मला त्याची थोडी कीवच आली, की बिचारा उगाच सुट्टी काढून बसलाय.

मुलाची आई आत गेली आणि नारळ घेऊनच बाहेर आली. "आम्हाला काही पुढे-मागे करायचं नाही," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "आजवर पाच मुली बघितल्या, सगळ्या फाशी दिल्यासारखी तोंडं करून बसतात. तुमची मुलगी किती प्रसन्न! चेहरा कसा उजळलाय बघा. घरात असंच माणूस हवं." आणि त्यांनी माझी ओटी भरली. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी आगाश्यांचे हात हातात घेतले. आणि मी, ओटीत नारळ घेऊन, तशीच उजळलेली, वाट बघत होते गाडीत बसण्याची.

सगळे फाटकापर्यंत पोचवायला आले. आईचं फाटकातलं बोलणं काही संपेना, तेव्हा मीच आधी वाकून पुढच्या सीटवरची तिची पिशवी उचलायला गेले. अण्णांनी किल्ली फिरवली. काटा माझ्या नाकासमोर होता.

चढत गेला, चढत गेला, आणि वरपर्यंत गेलाच नाही. अलीकडेच थांबला.

"अण्णा," मी म्हटलं. "काटा खाली आलाय."

"येणारच की गो! एवढा घाट चढून आलो, पाऊण टाकी उरली. चालू झालाय तो आता, पक्का चालू झालाय." आणि खिडकीतून आगाश्यांकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "आमचा मेकॅनिक हो, वासू पांचाळ. पहाटे कॅन घेऊन आला आणि काठोकाठ टाकी भरून गेला. तारेला कथलाचा डाग दिलान्, वरून दुसरा नट बसवलान्. म्हणाला, डॉक्टर, शुभ कामाला निघालाय, वाटेत कुठे थांबायला नको."

आगाशे म्हणाले, "असा माणूस मिळायला भाग्य लागतं."

"लागतं खरं," अण्णा म्हणाले.

मी मागे जाऊन बसले. दार कुणीतरी लावलं, बहुतेक त्या मुलानंच. सकाळी काटा वर होता, म्हणजे टाकी खरंच भरलेली होती. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. काट्याचं सगळं सगळं त्यानं मला शिकवलं होतं, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. नको असते मी त्याला, तर तार नुसती लावून गेला असता, काटा खाली ठेवून. तेवढ्यानं उत्तर झालं असतं. पण तो पहाटे उठून माझी वाट मोकळी करून गेला होता. मी घाटात अडकू नये म्हणून. कोण होता तो मला सुखरूप पोचवणारा?

मुकुंदरावांबरोबर, म्हणजे आगाश्यांच्या त्या मुलाबरोबर, माझा संसार चांगला झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच झाला. दोन मुलं झाली, धरणाच्या वसाहतीत घर मिळालं, फुलांचं वेड त्यांना होतं, मलाही लागलं. वासूनं पुढे रत्नागिरीला दुकान टाकलं म्हणे. मी कधी गेले नाही. विचारायचं काय जाऊन? कौल एकदाच लावायचा असतो.

पण त्या दिवशी परत येताना अंधारायला लागलं होतं, आई पुढे बसून लग्नाच्या याद्या बोलत होती, आणि मी मागे ओटीतला नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून एकच म्हणत होते. थांब. पाटणला थांब, घाटमाथ्यावर थांब, त्या करवंदांच्या जाळ्यांपाशी तरी थांब. काय वाटेल ते होऊ दे, पण एकदा थांब.

गाडी एवढी छान कधीच चालली नव्हती. जेवणाच्या वेळेला आम्ही घरी होतो.